फ्रिडाचा हंस

हंस मेलेला आहे याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो त्याची तब्येत बरी आहे की नाही, याबद्दल.

"जनावर घेऊन या, तपासतो, आणि सरहद्दीवर दाखवायला निरोगी असल्याचा दाखला देतो," कारागांदा या खाणींच्या गावचा पशुवैद्य म्हणाला.

"तो फ्रीजरमध्ये आहे," गेफ्नर मास्तर म्हणाले.

"मग तो निरोगी कसा?"

राइनहोल्ड आदामोविच गेफ्नर यांना निरुत्तर व्हायची सवय नव्हती. जन्मभर त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. ते आत शिरले की अख्खा वर्ग उभा राहायचा. पशुवैद्य मात्र बसूनच राहिला आणि वर चहा ओतून घेऊ लागला. मास्तर दाखल्याविना परत आले, आणि दाखल्याविनाच हंस घेऊन ताश्कंदच्या गाडीत बसले.

हंस म्हटल्यावर दूध आणि पाणी वेगळं करणारा, सरस्वतीच्या पायाशी बसलेला सात्त्विक पक्षी डोळ्यांसमोर आणू नका. हा कारागांदाला पिढ्यांपूर्वी हद्दपार होऊन आलेल्या जर्मनांच्या परसातला हंस. दिवसभर मान पुढे काढून शिव्या घालत फिरायचं, टपालवाल्याच्या पोटरीचा लचका तोडायचा, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी आंबट कोबीबरोबर टेबलावर येऊन जन्मात पहिल्यांदा गप्प बसायचं, एवढंच त्याचं जीवितकार्य. हा हंस मास्तरांच्या बायकोनं, फ्रिडाबाईंनी, उकडलेले बटाटे हातानं भरवून वाढवला होता. गेल्या डिसेंबरात त्यांनी तो कापला, साफ केला, आणि त्याच आठवड्यात त्या इस्पितळात गेल्या. मग नाताळ झालाच नाही. फेब्रुवारीत बाई वारल्या आणि हंस फ्रीजरमध्येच राहिला.

इस्पितळात एकदा त्यांनी विचारलं होतं, "राइनहोल्ड, आपली सगळी माणसं जर्मनीला गेली रे. माझ्या मयतीला येणार कोण?" आळीतल्या प्रत्येक मयतीला बाईंनी घरचा केक भाजून पोचवला होता, तेव्हा विचारायचा त्यांना हक्क होता. मास्तर खेकसले, "वेड्यासारखं बोलू नकोस. बाकं कमी पडतील."

मयतीच्या दिवशी बर्फाचं असं वादळ सुटलं की रस्ते बंद झाले. मास्तर, मुलगी इर्मा, जावई गेना, पाद्री, आणि गोठलेली जमीन फोडणाऱ्या यंत्राचा चालक, एवढीच माणसं. चालकही थंडी वाजते म्हणून यंत्रातच बसून होता. प्रार्थनाघरातली बाकं पुसून मांडून ठेवली होती, ती तशीच स्वच्छ राहिली. मास्तर रडले नाहीत. घरी आले आणि फ्रीजरचं दार नीट लागलंय का, तेवढं त्यांनी पाहिलं.

पुढे शरद ऋतूत गेनाची बदली ताश्कंदला झाली. त्यांचं तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. जुन्या मोहल्ल्यात अंगणाचं एक घर त्यांनी भाड्यानं घेतलं आणि इर्मानं वडिलांना नाताळला बोलावलं. मास्तरांनी अटी घातल्या. हंस होईल, टेबल आईच्या पद्धतीनं मांडलं जाईल, आणि आईचा विषय कुणीही काढायचा नाही. म्हणजे वरात काढायची, बँड लावायचा, पण नवरीचं नाव घेतलं तर खबरदार! इर्मानं फोनवर मोठा सुस्कारा सोडला आणि "बरं पप्पा" म्हणाली. गेना तर सगळ्यालाच "बरं" म्हणायचा. हा कोरियन जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा फ्रिडाबाईंनी "हंस खातोस ना?" असं विचारलं होतं आणि तो "हो" म्हणाला होता. त्यानंतर त्या घरात त्यानं "नाही" असा शब्द काढलेला कुणी ऐकला नाही.

गाडीत डबा असा तापवलेला की माणसं गंजिफ्रॉकवर बसली होती. मास्तरांनी हंस फ्रिडाबाईंच्या लोकरी शालीत गुंडाळून दोन डब्यांमधल्या गारठलेल्या जागेत ठेवला, आणि इस्पितळातल्या रोग्याला भेटावं तसं दर स्टेशनाला जाऊन त्याला चाचपून येऊ लागले. सरहद्दीवर कस्टमचा तरुण अंमलदार चढला.

"हे काय?"

"हंस."

"मेलाय?"

"वर्ष झालं."

"कशानं?"

"कुऱ्हाडीनं," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"दाखला नसेल तर हा इथंच राहील. कुणाचा आहे?"

"माझ्या बायकोचा."

"मग बोलवा त्यांना."

"ती वारली."

अंमलदारानं शाल पुन्हा हंसावर ओढली. "ती पण?" असं काहीतरी तो पुटपुटला आणि पुढच्या डब्यात निघून गेला. मास्तर एवढे गोंधळले की उतरताना हंस काखेत राहिला आणि फरची टोपी गाडीत. ताश्कंदच्या फलाटावर इर्मानं वडिलांना मिठी मारली आणि पटकन मागे सरकली.

"पप्पा, वास येतोय."

"प्रवासाचा आहे," मास्तर म्हणाले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. मेलेल्या हंसाच्या वाट्याला निदान तेवढी यावीत हे न्यायाचंच झालं. घरातल्या ओव्हनमध्ये हंस मावत होता, पण थंडीमुळे गॅसचा दाब उतरला होता. मास्तरांनी गॅसच्या कचेरीत फोन लावला.

"ज्योत आहे का?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी आहे."

"म्हणजे आहे."

"बाई, तिच्यावर हंस भाजेल का?"

"हंसाचं आमच्याकडे नाही. आमच्याकडे ज्योतीचं."

ही बातमी भिंतीपलीकडे राहणाऱ्या सलोमत-ओपाच्या कानावर गेली, म्हणजे मोहल्ल्याच्या कानावर गेली. सलोमत-ओपा ही धिप्पाड विधवा. हिला ओपा, म्हणजे ताई, न म्हणणारा माणूस त्या गल्लीत जन्माला आला नव्हता. तिनं हंस उलटापालटा करून पाहिला, वास घेतला.

"मास्तर, राग मानू नका. हा पुरा आणि मेंढी घ्या."

"मेंढी नको. हंसच पाहिजे."

"मग जर्दाळू भरा. आणि डोकं झाका हो आधी, बोडके काय फिरताय! सर्दीनं जाल आणि खापर आमच्या मोहल्ल्यावर." तिनं आपल्या नवऱ्याची काळी चौकोनी टोपी आणून मास्तरांच्या डोक्यावर दाबून बसवली.

मग सल्ल्यांची रीघ लागली. खाटीक म्हणाला, हाडं काढा. न्हावी म्हणाला, व्हिनेगर लावा. ज्यांच्याशिवाय त्या मोहल्ल्यात लग्न लागत नाही आणि मयत उठत नाही, ते म्हातारे तुर्गुन-ओता, म्हणजे तुर्गुनबाबा, काठी टेकत आले, हंसाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "याचं वय काय?" हंस आयुष्यात कधीही न भाजलेल्या माणसांनी उंटावरून शेळ्या हाकाव्यात आणि उपमुख्याध्यापकानं "हो का, हो का" करत ऐकावं, ही वेळ मास्तरांवर आली होती. शेवटी सलोमत-ओपानंच तोड काढली. तिच्या मागच्या अंगणात रोटीची भट्टी होती. तिच्यात हंस तारेनं उलटा टांगायचा, भट्टीचं तोंड झाकायचं, की काम फत्ते.

चोवीस तारखेला दुपारी इर्मा आणि गेना हंस घेऊन ओपाच्या मागच्या अंगणात गेले. घरी उरले मास्तर. टेबल मांडायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

खोलीत टेबल नव्हतंच. मास्तरांनी मधल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, दोन खोक्यांवर आडवं टाकलं, त्यावर फ्रिडाबाईंच्या रुखवतातली पांढरीशुभ्र चादर अंथरली आणि दोन टोकांना दोन मेणबत्त्या लावल्या. जागा व्हावी म्हणून घरमालकाची लांब बाकं त्यांनी एकेक करून बाहेर काढली आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना भिंतीलगत शिस्तीत लावली. बाकं वाकडी लागलेली त्यांना आयुष्यात खपली नव्हती. शेवटचं बाक ठेवताना कमरेत अशी उसण भरली की त्यांना ना वाकता येईना, ना बसता येईना. कारागांदाचा माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. बायकोची लोकरी शाल कमरेला घट्ट आवळून बांधली. तिला हंसाचा वास येत होता. मग फरशी पुसायच्या झाडूचा दांडा काठीसारखा धरून, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी टाकून, ते हंसाची वाट बघत दारात उभे राहिले.

आता ताश्कंदच्या जुन्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. फाटक सताड उघडं, दोन्हीकडे बाकांची रांग, आणि दारात कमरेला कापड बांधलेला, डोक्यावर टोपी, हातात काठी घेतलेला माणूस. याचा अर्थ एकच. घरात मयत आहे आणि दारात उभा आहे तो जवळचा नातलग. हाताच्या काकणाला आरसा कशाला!

रोट्या घेऊन चाललेला एक म्हातारा थबकला. रोट्या त्यानं बाकावर ठेवल्या, मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला, उझबेकीत हलकेच काहीतरी बोलला, बाकावर बसला, तळवे उघडे धरून पुटपुटला, ते चेहऱ्यावरून फिरवले आणि जमिनीकडे बघत बसून राहिला. मास्तरांना उझबेकी येत नव्हतं. पण दुसऱ्याच्या सणाला घरी येऊन शुभेच्छा देणारी माणसं या जगात आहेत, या विचारानं त्यांना भरून आलं.

"धन्यवाद, तुम्हालाही!" ते रशियनमध्ये मोठ्यानं म्हणाले. "दर वर्षी असाच योग येवो!"

म्हातारा दचकून त्यांच्याकडे पाहत राहिला.

न्हावी दुकान बंद करून आला. खाटीक आला, रक्ताचा एप्रन काढून, हात धुऊन. मग ओळखीचे, अनोळखी, कुठले कुठले पुरुष येत गेले, हात दोन्ही हातांत घेत गेले, बसत गेले. कुणी हसत नव्हतं. गंभीर लोक आहेत, मास्तरांच्या मनात आलं, सण असा पाळावा. एकानं त्यांना गळामिठी घातली तेव्हा ते म्हणाले, "पोरांना पाठवा, आत मिठाई आहे." पलीकडच्या गल्लीत कुणा पोराच्या सुंतेच्या जेवणाचे कर्णे वाजत होते, ते मध्येच थांबले. आमच्या नाताळसाठी? मास्तरांना संकोच वाटला. पांढरे रुमाल बांधलेल्या बायका खाली मान घालून त्यांच्याजवळून आत गेल्या. हातभार लावायला आल्या असणार. आत त्यांना रिकाम्या खोलीत मध्यभागी लांबलचक पांढरी चादर आणि दोन्ही टोकांना मेणबत्त्या दिसल्या, आणि त्यांनी एकदम गळा काढला. गाताहेत वाटतं, मास्तरांना वाटलं. सूर जरा वरचा आहे.

एवढ्यात शेजारच्या फाटकातून इर्मा आली. तोंड काजळीनं काळं, त्यावरून डोळ्यांतल्या पाण्याचे ओघळ. मागून गेना, त्याच्याही मागून धापा टाकत सलोमत-ओपा.

"पप्पा," इर्मा घरच्या जर्मनमध्ये म्हणाली, "तार तुटली. हंस निखाऱ्यात पडला. चरबी पेटली, आम्हाला काढता येईना. पप्पा, आईचा शेवटचा हंस होता हो तो."

वर्षभर मास्तर ज्या गोष्टीचं दार नीट लागलंय का ते पाहत आले होते, ती गोष्ट संपली होती. दांड्यावर त्यांचा हात घट्ट झाला.

तेवढ्यात बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. तुर्गुन-ओता आले होते. आपली काठी त्यांनी काखेत धरली, मास्तरांचे दोन्ही हात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या रशियनमध्ये विचारलं, "मास्तर, आम्हाला आधी का नाही कळवलंत? कोण गेलं?"

मास्तरांनी बाकं पाहिली, माणसं पाहिली. कमरेची शाल पाहिली, हातातला दांडा पाहिला. आतलं गाणं हे गाणं नव्हतं. सगळा उलगडा झाला आणि त्यांचे कान तापले. ज्याला त्यांनी "दर वर्षी असाच योग येवो" म्हटलं होतं, तो रोट्यांवाला म्हातारा समोरच उभा होता. "कुणी नाही, गैरसमज झाला, आम्ही जेवायला बसणार होतो," एवढंच सांगायचं होतं. खरंही तेच होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"माझी बायको," ते म्हणाले. "फ्रिडा."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

बाकांवर कुजबुज झाली. खाटकानं मनातल्या मनात महिने मोजले असावेत. "फेब्रुवारीत?" तो म्हणाला. "मग आज..."

तुर्गुन-ओतांनी नुसतं वळून पाहिलं. "आपल्याला आज कळलं ना? मग आज आलो. कळल्यावर जायचं असतं." मास्तरांचे हात त्यांनी सोडले नव्हते. "माणसं बरीच आली होती का तिच्यासाठी?"

"पाच," मास्तर म्हणाले. "मला धरून."

आणि मग राइनहोल्ड आदामोविच गेफ्नर, निवृत्त उपमुख्याध्यापक, परक्या शहरात, परक्या गल्लीत, हंसाचा वास येणारी शाल कमरेला बांधून, झाडूच्या दांड्यावर भार टाकून, मोठ्यानं रडले. मोहल्ल्याच्या रीतीप्रमाणे दारात काठी घेऊन उभा असलेला माणूस मोठ्यानंच रडतो, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इर्मानं काळ्या हातांनी त्यांना धरलं. गेना दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला, कारण दारात नातलगांनी उभं राहायचं असतं हे त्याला आता कळलं होतं.

सलोमत-ओपाला हे सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती कमरेवर हात ठेवून कडाडली, "मास्तर, बायको वारली आणि माझ्याशी जर्दाळूवर वाद घालत बसलात? तोंड नाही का तुम्हाला?"

"सण आहे आज," मास्तर कसेबसे म्हणाले. "म्हटलं, विषय नको."

"सण आहे तर आहे. तो काय तुमची अडचण बघून थांबतो? पण या घरात आज चूल पेटायची नाही. जेवण आम्ही आणू. आणि मेणबत्त्या विझवू नका गं," ती आतल्या बायकांवर ओरडली, "त्यांच्या सणाच्या आहेत त्या!"

मग माणसांनी विचारलं, कशी होती बाई? आणि ज्या विषयाला वर्षभर घरात बंदी होती, त्यावर मास्तर दारात उभ्याउभ्या बोलत सुटले. तिचे हंस. तिचा आवाज, जो फाटकापासून खाणीपर्यंत जायचा. लोकांच्या मयतींना भाजलेले केक. चहात साखर किती टाकायची. खाटकानं विचारलं, हंसांना खायला काय घालायची, आणि उत्तर ऐकून त्यानं जाणकारासारखी मान डोलावली. सुंतेच्या जेवणातली मंडळी नव्या कपड्यांतच उठून आली. त्यांच्याकडचा पुलाव मोठ्या परातींतून आला आणि दाराच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, फ्रिडाबाईंच्या ताटाशेजारी मांडला गेला. ते रिकामं ताट इर्मानं आताच आईच्या नावानं मांडलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि राहू दिलं.

अंधारून येत होतं. भट्टी विझल्यावर गेनानं आकड्यानं हंस वर काढला होता. बाहेरून तो नुसता कोळसा होता, पण छातीच्या हाडापाशी मूठभर मांस उरलं होतं. इर्मानं ते बशीत घालून वडिलांना आणून दिलं. मास्तरांनी उभ्यानंच एक घास खाल्ला. कडू होता, राखेचा आणि वर्षभराच्या बर्फाचा. दुसरा घास त्यांनी इर्माला दिला, तिसरा गेनाला.

"चांगला झालाय," गेना म्हणाला.

कमरेत पुन्हा कळ आली. बसायला मिळालं तर बरं, म्हणून मास्तरांनी मागे पाहिलं. भिंतीलगतच्या बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. चहाच्या दुकानातून न्हाव्यानं आणखी बाकं आणली होती, तीही भरली होती. समोरच्या भिंतीला टेकून माणसं उभी होती, गल्लीच्या वळणापर्यंत, आणि वळणावरून आणखी येत होती.

मास्तरांनी बाकं एका टोकापासून मोजली. मग जर्मनमध्ये, अगदी हळू, जवळ उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले,

"फ्रिडा, बाकं कमी पडली गं."